बिबच्या मागचा नंबर

पावसाळा सरत आला की साताऱ्यात पोलीस परेड ग्राउंडपासून यवतेश्वरचा घाट धावत चढणाऱ्यांची जत्रा भरते. एकवीस किलोमीटरच्या त्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये हल्ली पाठीवर काहीतरी छापून धावणारे बरेच दिसतात. कुणाच्या पाठीवर कॅन्सर, कुणाच्या झाडं, कुणाच्या मुली. किडनीचे आनुवंशिक आजार आणि अवयवदान हे विषयही आता त्या पाठींवर आले आहेत. असं धावून काही होतं का, याबद्दल दोन्ही बाजूंचं इतकं कानावर पडलं की शेवटी ते सगळं दोन माणसांच्या तोंडी घातलं. माणसं मनातली आहेत, वाद खरा आहे.

मावशी डायलिसिस विभागातून निवृत्त झालेल्या सिस्टर. भाचा सत्तावीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला, पहाटे धावणारा. घरात पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, म्हणजे पीकेडी. आजोबा त्यातच गेले, मग मामाला निघाला आणि आता भाच्याच्या आईला डायलिसिस लागलं आहे. भावंडांत मावशी तेवढी सुटली. वादाला तोंड फुटलं टी-शर्टवरून.

भाचा : मावशी, पाठीवर काय छापायचं ते ठरलं. ‘आमच्या घरात पीकेडी आहे. तुमच्या घरात?’ आणि खाली ‘अवयवदान करा.’

मावशी : आमच्या म्हणजे कुणाच्या?

भाचा : आपल्याच की.

मावशी : मग मामाच्या पोरीला विचारलंस का? तिला स्थळं बघतायत. तू घाट चढणार, फोटो सगळीकडे फिरणार. आडनाव वेगळं असलं म्हणून काय झालं, साताऱ्यात कोण कुणाचा भाचा हे सांगावं लागत नाही. मधुमेहाचं तू बोललास तर ते तुझ्यापुरतं राहतं. इथे तू स्वतःबद्दल एक वाक्य बोललास की त्यांनी तोंड न उघडता पाच-सहा जणांबद्दल बोलून झालेलं असतं.

भाचा : आणि लपवून काय मिळवलं आपण? आजोबांचं ‘पोटात गोळा आहे’ एवढंच घराबाहेर सांगायचं. मामाचं बीपी तिशीतच वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला किडनीचा त्रास? आजी शेजारी बसून म्हणाली, छे, कुणाला नाही. सगळ्यांनी मिळून ते टेन्शनचं बीपी ठरवलं.

मावशी : आजीला दोष देऊ नकोस. तिला तीन पोरं उजवायची होती.

भाचा : दोष नाही देत. पण तेव्हाच सोनोग्राफी झाली असती तर गोळ्या वेळेवर सुरू झाल्या असत्या, एवढंच म्हणतोय.

आजी जे बोलली ते आजही घरोघर बोललं जातं, म्हणून आजाराची थोडी ओळख इथेच करून देतो. पीकेडीत दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी होतात आणि वर्षानुवर्षं वाढत राहतात. निरोगी किडनी मुठीएवढी, वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपास. गाठींनी भरलेली किडनी काही किलोंचीही होते, तेव्हा ‘पोटात गोळा’ हे खोटं नव्हतंच, फक्त अर्धवट होतं. दोष बहुतेक वेळा सोळाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात असतो, काहींत चौथ्यावरच्या. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. पिढी गाळून तो पुढे जात नाही. ज्याला आला नाही, त्याच्या मुलांना त्याच्याकडून येत नाही. पहिलं लक्षण बहुधा साधं असतं, तरुण वयात वाढलेला रक्तदाब. किडनी निकामी होण्याचं वय जनुकावर ठरतं. सोळाव्यावरचा दोष असेल तर सरासरी पन्नाशीत, चौथ्यावरचा असेल तर सत्तरीपर्यंतही निभतं. मुळावर इलाज नाही. टोल्वॅप्टॅन नावाचं औषध काही रुग्णांत गाठींची वाढ मंदावतं, पण ते महाग आहे, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं आणि दिवसभर लघवीला पळवतं. मात्र रक्तदाब आटोक्यात ठेवणं सगळ्यांच्या आवाक्यातलं आहे, आणि त्याने बराच काळ पदरात पडतो.

मावशी : बोलायला हवं, हे मला मान्य आहे. तुझं धावणं तेवढं मला कळत नाही. तिथे येतात कोण? हजारो रुपयांचे बूट घालणारे, वर्षाला फुल बॉडी चेकअप करणारे. सोनोग्राफीची गरज असलेला माणूस माण-खटावात कुठेतरी बीपीची गोळी मधेच सोडून बसलाय. त्याच्यापर्यंत तुझी पाठ कशी पोचणार?

भाचा : नाही पोचणार. पण बूटवाल्यांच्या घरात पीकेडी नसतो असं कुठे आहे? आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगी आहे, बत्तिशीची. लांब पल्ल्याला आम्ही बरोबरीने धावतो. तासाभराने माणूस सैल होतो बघ. समोरासमोर बसलेलं नसतं, नजर रस्त्यावर असते. आईचं डायलिसिस कसं चाललंय हे मी सांगत होतो, तर ती म्हणाली, आमच्याकडे बाबांना होतं आणि आत्यालाही आहे. माझंही बीपी जरा वर असतं, पण डॉक्टर म्हणाले ऑफिसचा ताण. पुढच्या आठवड्यात तिने सोनोग्राफी केली.

मावशी : निघालं?

भाचा : निघालं.

मावशी : मग ते काम टी-शर्टने केलं की तुझ्या तोंडाने?

भाच्याकडे याला उत्तर नव्हतं. मला विचाराल तर मावशींचा प्रश्न बरोबर आणि निष्कर्ष थोडा घाईचा. पहाटे साडेपाचला एकत्र धावण्याची सवयच नसती तर ते तोंड उघडलं नसतं. पण पाठीवरच्या अक्षरांनी माणूस दवाखान्यात गेल्याचं मीही कधी ऐकलेलं नाही.

मावशी : अजून एक विचारते. धावायच्या आधी गोळी घेता ना तुम्ही लोक?

भाचा : मी नाही घेत.

मावशी : तू नसशील. पण गुडघा दुखतोय म्हणून आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅक घ्यायची, वरून घाम काढायचा आणि पाणी कमी प्यायचं. किडनीला याहून वाईट काय असतं? आमच्याकडे धट्टीकट्टी माणसं अशी आलेली आहेत. आणि वर तुम्ही किडनीची जागृती करणार!

भाचा : मान्य. तुला अजून दारूगोळा देतो. २०१५ च्या हार्टफर्ड मॅरेथॉनमधले बावीस धावपटू येल विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासले, तर ८२ टक्के लोकांत किडनीला इजा झाल्याच्या खुणा सापडल्या. दोन दिवसांत त्या निवळल्याही. निरोगी माणसाचं निभावतं. पण ज्याच्या किडनीत आधीच गाठी आहेत आणि त्याला ते माहीतच नाही, त्याचं काय? म्हणून तर धावणाऱ्यांशी बोलायचं. गोळीचं छापतो हवं तर.

मावशी : छाप. ते अवयवदान करा यापेक्षा उपयोगाचं आहे.

भाचा : आणि पीकेडी असला म्हणून धावू नये असं नाही ना?

मावशी : डॉक्टरला विचारून खुशाल धाव. कबड्डी, कुस्ती नको म्हणतात, पोटाला मार बसून गाठ फुटते. बाकी हलतं राहिलेलं चांगलंच.

इथवर आजाराचं झालं. अवयवदानाचा विषय निघाला तसा दोघांचा सूर बदलला. आनुवंशिक किडनीच्या आजारात आणि अवयवदानात जे नातं आहे ते भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे किडनी मिळते ती मुख्यतः घरातून. आईवडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा, नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक. पीकेडीच्या घरात यातले निम्मे अर्धे संशयितच असतात.

मावशी : तुझ्या आईचंच घे. बाबांना साखर, ते बाद. मी सुटले, पण माझं वय सदुसष्ट आणि बीपीच्या दोन गोळ्या चालू, मलाही नाही म्हणाले. मामाला तर स्वतःलाच मामीची बसवलेली. राहिलास तू.

भाचा : मी द्यायला तयार आहे.

मावशी : तयार असून चालत नाही. आधी तुला आजार नाही हे सिद्ध व्हायला हवं. तिशीच्या आत साधी सोनोग्राफी स्वच्छ आली तरी त्यावर कुणी तुझी किडनी काढणार नाही. एमआरआय लागेल, कदाचित जनुकाची चाचणी. आणि हे सगळं होऊन तू बसलास तरी तुझी आई म्हणणार, पोराची घेणार नाही. मी तिला ओळखते.

भाचा : म्हणून तर परक्याची वाट बघायची. पुण्याच्या विभागीय समितीच्या यादीत नाव आहे. आठवड्यातून तीनदा चार-चार तास सुया, दिवसाला मोजून पाणी, आणि फोन वाजला की घरात सगळे एकमेकांकडे बघतात. २०२३ साली देशात १८,३७८ प्रत्यारोपणं झाली. मृत्यूनंतर अवयव देणारे किती? १,०९९. एवढ्या मोठ्या देशात! स्पेनमध्ये दर दहा लाख लोकांमागे चाळीसच्या वर दाते होतात, आपल्याकडे एकही पुरता नाही.

मावशी : बाकीच्या किडन्या कुणी दिल्या ते सांग की.

भाचा : जिवंत माणसांनी.

मावशी : बायकांनी म्हण. मामीला विचारायला कुणी बसलंच नव्हतं. सगळ्यांनी तिच्याकडे फक्त बघितलं.

हा मामीपुरता प्रश्न नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत दहापैकी सुमारे आठ स्त्रिया आणि घेणाऱ्यांत दहापैकी सुमारे आठ पुरुष असल्याचं दिसलं. मृत्यूनंतरचं दान वाढलं नाही तर हा भार कुणाच्या पोटावर पडत राहणार, हे कुठल्याही टी-शर्टवर मी अजून वाचलेलं नाही.

भाचा : म्हणून धावतोय मावशी. लोकांना माहीतच नाही.

मावशी : माहीत असतं रे. मी डायलिसिसला असले तरी आयसीयू आमच्या समोरच्याच पॅसेजमध्ये होतं. सगळं डोळ्यांदेखत चालायचं. मोटारसायकलवरून पडलेला पंचवीस वर्षांचा पोरगा. डोक्याला मार. व्हेंटिलेटरवर छाती वर-खाली होतेय, अंग गरम, मॉनिटरवर ठोके दिसतायत. आणि डॉक्टर सांगतात, मेंदू मृत झालाय, म्हणजे तो गेलाय. कायद्याने १९९४ पासून तो मृत्यू आहे. चार डॉक्टरांचं मंडळ असतं. डोळ्यांत उजेड टाकून बघतात, घशात नळी हलवून खोकला येतो का बघतात, व्हेंटिलेटरचा श्वास थांबवून स्वतःहून एक तरी श्वास घेतो का बघतात. सहा तासांनी सगळं परत पहिल्यापासून. हे कागदावर ठीक. पण बापाने पोराच्या कपाळावर हात ठेवला तर तो गरम लागतो ना! अशा वेळी अवयवदानाचं बघणारी कोऑर्डिनेटर बाई त्याला बाजूला घेते. तिला एकच विचारायचं असतं. तुमच्या मुलाने याबद्दल कधी काही बोलून दाखवलं होतं का? बाप आईकडे बघतो, आई भिंतीकडे. मग कुणीतरी म्हणतं, काका कोल्हापूरहून निघालेत, ते आले की ठरवू. काका येतात आणि नको म्हणतात. पोस्टमॉर्टेम आहे, पोलीस आहेत, त्यात हे कशाला, शरीराची चिरफाड नको. संपलं. तुझा टी-शर्ट त्या पॅसेजमध्ये कुठे आहे सांग मला.

नकार देणारा बहुधा सगळ्यांत लांबून आलेला नातेवाईक असतो, हे या क्षेत्रातल्या अनेकांकडून मी ऐकलं आहे. त्याच्या मनात दुष्टावा नसतो. मृताशी त्याचं शेवटचं बोलणं कधीतरी लग्नकार्यात झालेलं असतं, म्हणून तो आपला सावध बाजू घेतो. अवयव काढल्यावर शरीर नीट शिवून सन्मानाने घरच्यांच्या ताब्यात देतात, होकारानंतरच्या उपचारांचं बिल त्यांच्यावर येत नाही, हे त्याला तोवर कुणी सांगितलेलं नसतं. वर्तमानपत्रांनीही या विषयाची एकच बाजू आपल्या डोळ्यांत भरवली आहे. ग्रीन कॉरिडॉर, सुसाट रुग्णवाहिका, विमान. ती धावपळ मुख्यतः हृदयासाठी, कारण ते चारेक तासांतच बसवावं लागतं. किडनी बर्फात एखादा दिवस टिकते, तिच्यामागे कॅमेरे नसतात. खरा अडसर रस्त्यावर नसून त्या पॅसेजमध्ये आहे.

भाचा काही न बोलता उठला आणि मागच्या शर्यतीचा बिब घेऊन आला. बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, चार कोपऱ्यांत चार सेफ्टी पिना. त्याने तो उलटा करून मावशीपुढे ठेवला.

मावशी : हे काय?

भाचा : वाच. नाव, रक्तगट, काही आजार आहे का, आणि तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं त्याचं नाव आणि नंबर. धावताना कोसळलो तर उलटून बघायचं.

मावशी : आजारापुढे काही लिहिलं नाहीस.

भाचा : माहीत असतं तर लिहिलं असतं.

मावशी : आणि हा नंबर कुणाचा?

भाचा : बाबांचा.

मावशी : म्हणजे पॅसेजमध्ये कोऑर्डिनेटर बाजूला घेईल ती त्यांनाच. त्यांना माहीत आहे तुझ्या मनात काय आहे?

भाचा : मी ऑनलाइन नोंदणी केलीय. डोनर कार्ड आहे माझ्याकडे.

मावशी : कार्ड दाखवून कुणी अवयव काढत नाही. सही बाबांची लागणार. त्यांना सांगितलंस का?

भाचा : नाही. घरात आईचं एवढं चाललेलं असताना स्वतःच्या मरणाचं कसं बोलू?

मावशी : मग घाटात परक्या माणसांना कसं सांगतोस?

भाचा : तेच सोपं जातं.

माझ्या मते या वादातली सर्वांत खरी गोष्ट हीच, ‘तेच सोपं जातं.’ लांबचा प्रवास करून अवयवदानाचा प्रचार करणारी माणसं महाराष्ट्राला नवी नाहीत. स्वतःची किडनी एका आजारी जवानाला दिलेल्या सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने २०१८ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर मोटारसायकलवरून देश पालथा घातला. प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला पहिल्यांदा भरल्या, त्या अजून भरतात. त्यात धावणारा माणूस बघितला की किडनी बसवलेला म्हणजे कायमचा अंथरुणाला खिळलेला हा समज उभ्या उभ्या गळून पडतो. या सगळ्याला मोल आहेच. पण अनोळखी गर्दीपुढे धीट होणारा माणूस स्वतःच्या बापापुढे जेवणाच्या ताटावर गप्प असतो.

मावशी : छापायचंच असेल तर हे छाप. बिबच्या मागे ज्याचा नंबर लिहिलाय, त्याला तुमची इच्छा माहीत आहे का? घरातल्या कुणाचं नाव नको, आजार नको, मामाच्या पोरीची पंचाईत नको. आणि हजार-दोन हजार माणसं आदल्या संध्याकाळी बिब घ्यायला रांगेत उभी असतात ना, तिथेच विचार. धावताना कोण वाचतंय?

भाचा : बरं. पण मग पीकेडीचं?

मावशी : ते आधी घरात. मामाच्या पोरीला तू आणि मी मिळून सांगू. तिची सोनोग्राफी करायची की नाही हे ती ठरवेल, आणि स्थळाला कधी सांगायचं तेही तीच. सांगायचं मात्र लग्नाआधी. तिने हो म्हटलं तर छाप काय हवं ते. आणि तू? तुझी कधी करतोस?

भाचा : इतक्यात नाही.

मावशी : धावतोस जगाला सांगायला आणि स्वतःची तपासणी नाही?

भाचा : मावशी, मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं तर माझ्यासाठी काय बदलणार आहे? विमा काढताना अडचण, नोकरीत नजरा. आईला कळलं तर ती स्वतःला दोष देत बसेल. पाणी भरपूर पितो, मीठ कमी केलंय, पेनकिलर घेत नाही. कळल्यावर जे करायचं ते आत्ताच करतोय.

मावशी : आणि बीपी?

भाचा : ते नाही मोजलं.

मावशीने उठून कपाटातलं मशीन काढलं, त्याची बाही वर सारली आणि पट्टा बांधला. आकडा काय आला ते मी लिहीत नाही, कारण ती मामाच्या पोरीइतकीच त्याचीही खाजगी गोष्ट आहे. चाचणीच्या वादात मात्र मी भाच्याच्या बाजूचा आहे. तक्रार नसलेल्या सज्ञान माणसाने स्वतःचं जनुकीय भविष्य कधी वाचायचं हे त्याने समजून-उमजून, डॉक्टरशी बोलून ठरवावं, मावशीने ठरवू नये. रक्तदाबाला ही सवलत नाही. तो मोजल्याने लग्न मोडत नाही, आणि वाढलेला निघाला तर उपचार आहे. ज्या घरात दोघांना किडनीचा आजार झाला आहे, तिथल्या प्रत्येकाने तो वर्षातून एकदा तरी मोजावा, आणि डॉक्टरांनी घरातल्या आजारांबद्दल विचारलं तर खरं सांगावं.

दिवाळी झाली की महाराष्ट्रात शर्यतींचा हंगाम खऱ्या अर्थाने सुरू होतो, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन येते. यंदा तुम्ही कुठे नाव घातलं असेल तर बिब हातात आल्यावर मागची बाजू भरा, आणि तिथे ज्याचा नंबर लिहाल त्याला त्याच दिवशी सांगा की माझ्या माघारी माझे अवयव द्यायचे, किंवा नाही द्यायचे. अवयवदानाची नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते, पैसे पडत नाहीत. ती केलीत तरी सही घरच्यांचीच लागते.